गावाचा ग्रुप राखायचा कोणी?

रेशनचे धान्य दुकानात आले, पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली, उद्या अंगणवाडीत लसीकरण आहे, मोटार जळाल्यामुळे दोन दिवस नळ येणार नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात अशी बातमी आता आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती नंतर लागते, कधी लागतही नाही. तेरा तालुके आणि आठशेहून अधिक ग्रामपंचायती असलेल्या या जिल्ह्यात ग्रामपंचायतीचा, शाळेचा, बचत गटाचा, शेतकऱ्यांचा असे ग्रुप गावोगाव आहेत आणि त्यांच्यावाचून आता कोणाचेच चालत नाही.

याच ग्रुपांवर यंत्राने पाठवलेला कचरा आणि फसव्या फाइली येऊन पडत आहेत. त्यावर ‘नागरिकांनी सावध राहावे’ एवढे पत्रक काढले की प्रशासनाचे काम संपते. ते संपू नये असे मला वाटते. ज्या ग्रुपवर सरकारी काम चालते ती सरकारी जागा आहे. तिची राखण ग्रामपंचायतीने आणि जिल्हा प्रशासनाने नेमून दिलेले काम म्हणून करायला हवी. माझे म्हणणे मुद्द्यांनी मांडतो.

१. बॉट येतो तो ओळखीच्या नावाने

स्पॅम म्हटले की परक्या नंबरावरून आलेली कर्जाची किंवा नोकरीची जाहिरात आठवते. तीही येतेच. ग्रुपची निमंत्रण-लिंक कोणी फेसबुकवर टाकलेली असते, कोणी कार्यक्रमाच्या बॅनरवर छापलेली असते. अशा लिंका वेचत फिरणारे प्रोग्रॅम, म्हणजेच बॉट, आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तर व्हॉट्सॲप ग्रुपांच्या लिंका गूगलच्या शोधात थेट सापडत असल्याचे उघड झाले होते. लिंकवरून आत शिरलेला नंबर ‘घरबसल्या कमाई’चा मजकूर टाकतो आणि ग्रुपमधल्या सगळ्यांचे नंबर त्याच्या हाती लागतात.

गावाचे मोठे नुकसान मात्र दुसऱ्याच प्रकाराने होते. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘एसबीआय रिवॉर्ड’ अशा नावाची एपीके फाइल ग्रुपवर येते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची फाइल. ती प्ले स्टोअरमधून येत नसल्यामुळे फोन एकदा हटकतो, ‘अज्ञात स्रोत’ म्हणून परवानगी मागतो. परवानगी दिली की ॲप एसएमएस वाचण्याची मुभा मागते आणि तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी चोरट्याकडे जाऊ लागतो. त्याच ओटीपीच्या जोरावर तो त्या माणसाचे व्हॉट्सॲपही आपल्याकडे ओढतो. मग त्या माणसाच्या नावाने आणि फोटोसह तीच फाइल त्याच्या सगळ्या ग्रुपांवर एका दमात जाते. तो ॲडमिन असला तर ग्रुपचे नाव आणि चित्रही बदलते, आणि क्षणात गावाचा ग्रुप बँकेचा ग्रुप दिसू लागतो.

धुऱ्यावरचे तण एकट्याने काढून भागत नाही, शेजारच्या धुऱ्यावरून बी येतच राहते. इथेही तसेच आहे. एका घराने काळजी घेतली तरी ग्रुपमधला दुसरा फोन बाधित असेपर्यंत फाइल पुन्हा पुन्हा येणार. म्हणून याला खासगी सावधगिरीचा प्रश्न म्हणता येत नाही. सार्वजनिक विहिरीत औषध टाकण्याची जबाबदारी आपण पाणी भरणाऱ्या प्रत्येकावर सोडत नाही.

२. फाइल उघडणाऱ्याला मूर्ख ठरवू नका

पीएम किसानचे दोन हजार रुपये दर चार महिन्यांनी येतात. २०२५ मध्ये एकोणिसावा हप्ता २४ फेब्रुवारीला आला, विसावा २ ऑगस्टला, एकविसावा १९ नोव्हेंबरला. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार वेगळे. त्यात ई-केवायसी राहिली, आधार जोडलेले नाही, शेतकरी ओळख क्रमांक निघालेला नाही, अशा कारणांनी कोणाचा ना कोणाचा हप्ता नेहमी अडकलेला असतो. त्याच वर्षी सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि पाठोपाठ त्याच नावाच्या बनावट वेबसाइटही निघाल्या. अतिवृष्टीनंतर मदतीच्या याद्यांची वाट पाहणे सुरू होते ते वेगळेच.

ज्याचा हप्ता खरोखर अडकला आहे, ज्याला तलाठी आणि सेतू केंद्र यांच्यात चार वेळा फिरवले गेले आहे, त्याला शेजाऱ्याच्या नावाने ‘हप्ता तपासा’ अशी फाइल आली तर तो ती उघडणारच. ती उघडण्यामागे हाव नसते. सरकारनेच त्याला गेली काही वर्षे प्रत्येक कामासाठी नवे ॲप आणि नवी केवायसी करायला लावली आहे.

या दोष देण्याला पैशांतही किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम, तो बँकेला कळवेपर्यंत, त्याच्याच माथी बसते. कळवल्यानंतर जाणारी रक्कम बँकेची. म्हणजे कळवण्याची घाई सगळ्यात महत्त्वाची. आणि ज्याला गावात हसे होण्याची भीती आहे तो कळवत नाही. तो रात्रभर गप्प बसतो, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात खाते रिकामे होते. हसणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

हप्त्यांच्या तारखा आधी जाहीर होतात. म्हणजे धोक्याचे दिवसही आधीच माहीत असतात. पाऊस येणार म्हणून कृषी विभाग सल्ला देतो, तसा हप्त्याच्या आठवडाभर आधी बनावट फाइलींबद्दलचा इशारा तालुका कृषी कार्यालयातून प्रत्येक गावाच्या ग्रुपवर का येऊ नये?

३. ॲडमिनला गुन्हेगाराच्या रांगेत बसवू नका

सणावाराला आणि निवडणुकीच्या तोंडावर एक बातमी ठरलेली असते: ग्रुप ॲडमिनवर कारवाई होणार. कायद्याची स्थिती मात्र वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात आपला जिल्हाही येतो, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मार्च २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. सदस्याने काय टाकले याबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. त्यात त्याचा सामाईक हेतू होता हे दाखवावे लागते. सदस्याला घेणे आणि काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हाती फारसे काही नसते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले.

गावात ॲडमिन कोण असतो? ग्रामसेवक, आशाताई, मुख्याध्यापक, एखादा उत्साही तरुण. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर ही माणसे गावाचा निरोप्या झालेली असतात. त्यांना कारवाईची भीती घातली की ती एकच गोष्ट करतात, ग्रुप बंद करून टाकतात. स्पॅम थांबतो, त्याबरोबर गावाचे बोलणेही थांबते. शिवाय कर्मचाऱ्याची बदली होते आणि ग्रुप त्याच्या खासगी नंबराबरोबर लोणारहून मलकापूरला निघून जातो. सरकारी दप्तर असे कोणी घरी घेऊन जात नाही.

४. कंपनीने काय केले आणि काय बाकी आहे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे भिक्षेसाठी गावोगाव फिरत पोट भरणारी होती. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. देशभर अशाच घटना घडत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि असे संदेश फिरण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. एवढ्याशा अडसराने एवढा फरक पडतो. कंपनीला हे करता येत होते. पण त्याआधी माणसे मेली.

ही मर्यादा पुढे पाठवलेल्या संदेशाला आहे. यंत्र प्रत्येक ठिकाणी नवा संदेश म्हणून पाठवू शकते, तिथे ही मर्यादा पुरी पडत नाही. संदेश कुलूपबंद असल्यामुळे आतला मजकूर आम्ही वाचत नाही असे कंपनी सांगते, आणि ते कुलूप असावेच. पण वागणे तर दिसते. २०१९ मध्ये कंपनीनेच जाहीर केले होते की ती दरमहा जगभरात २० लाख खाती बंद करते आणि त्यांतली ७५ टक्क्यांहून अधिक कोणी तक्रार करण्याआधीच वागण्यावरून ओळखली जातात. भारतात जानेवारी २०२५ या एका महिन्यात सुमारे ९९ लाख खाती बंद झाली. इतकी नजर ज्यांच्याकडे आहे त्यांना, वर्षानुवर्षे दिवसाला दहा संदेश पाठवणारा मेहकरचा एक शेतकरी मध्यरात्री अचानक चाळीस ग्रुपांवर एकच एपीके फाइल टाकतो, हे खटकायला हवे. अशा फाइलीला ग्रुपमध्ये आपोआप अडवण्याचा पर्याय ॲडमिनला द्या, ही मागणी राज्य सरकारने कंपनीपुढे ठेवायला हवी. सरकारचे कंपनीशी बोलणे आहेच, फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचा करार झाला आहे. उद्या सरकारचाच बॉट लोकांशी बोलणार असेल तर खोट्या बॉटचा बंदोबस्त ही त्या कराराची पहिली अट हवी होती.

आपल्याकडूनही एक गोष्ट राहून जाते. फसवा संदेश आला की आपण तो खोडतो आणि विसरतो. ‘रिपोर्ट’ केले तर त्या नंबराचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात, तपासणीला आधार मिळतो. खोडण्याआधी रिपोर्ट, हा क्रम लहान मुलांनाही शिकवता येईल.

५. कायद्यातली फट

साध्या एसएमएसवर आणि कॉलवर दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८ चे नियम लागू आहेत. पाठवणाऱ्याला नाव नोंदवावे लागते, आणि २०२५ पासून एसएमएसच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असते: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी संदेशाला ‘जी’. योजनेचा एसएमएस खरा की खोटा हे ओळखण्याची ही चांगली खूण आहे आणि ती गावात जवळजवळ कोणाला सांगितलेली नाही. व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या ग्रुपांना मात्र हे नियम लागू नाहीत. त्यामुळे एसएमएसचे दार बंद झाले तसा सगळा लोंढा ग्रुपांकडे वळला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रास देणाऱ्या आणि कोठून आला याबद्दल फसवणाऱ्या संदेशांविषयी एक उपकलम होते. पण ते कलम इतके सैल लिहिलेले होते की नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द केले, आणि योग्यच केले. ओळख चोरण्याचे ६६-क आणि तोतयेगिरीने फसवण्याचे ६६-ड ही कलमे राहिली. त्यांत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती माणूस लुटला गेल्यावर उपयोगी. नवा नियम करायचा तर तो मजकुरावर असू नये. यंत्राने, न मागता, ठोक संदेश पाठवण्याच्या कृतीवर असावा. कोण काय बोलले हे तपासण्याचा अधिकार पोलिसांना पुन्हा देण्याला माझा विरोध आहे.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने आदेश काढला की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असल्याखेरीज व्हॉट्सॲप-टेलिग्रामसारखे ॲप चालू नये, आणि संगणकावरचे सत्र दर सहा तासांनी बंद व्हावे. परदेशात बसून भारतीय नंबराने खाते चालवणाऱ्यांना याने अडचण होईल. आपल्या गावातला बाधित फोन मात्र यातून सुटतो. त्याचे सिम त्यातच आहे, मालक खरा आहे, नंबर खरा आहे. म्हणून दिल्लीच्या आदेशावर विसंबून गावाचे काम थांबवता येणार नाही.

६. फोन मराठीत करा

हा मुद्दा छोटा आहे. ॲप बसवताना फोन जी शेवटची सूचना देतो ती अनेकांच्या फोनवर इंग्रजीत असते, कारण दुकानदाराने फोन दिला तसाच तो चालू आहे. न वाचता ‘ओके’ दाबले जाते. सेटिंगमध्ये भाषा मराठी करण्याला दोन मिनिटे लागतात. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी घरच्या मोठ्यांचे फोन मराठीत करून द्यावेत.

७. ग्रुपला नियम हवेत, आणि ते साधे आहेत

गप्पांच्या खोल्या आणि त्यात घुसणारी यंत्रे हा प्रश्न व्हॉट्सॲपहून जुना आहे. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची पद्धत सुरू केली. तिच्या खोल्यांत पुढे बॉटांचा सुळसुळाट झाला. तिथल्या स्वयंसेवकांनी शोधलेले उपाय आजही तेच आहेत: नवा आलेला लगेच बोलू शकणार नाही, नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही, आणि राखणदार एकटा असणार नाही, कोणी ना कोणी जागे असेल. हे तिन्ही उपाय आपल्या ग्रुपवर बसवता येतात.

नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीनेच प्रवेश, ही सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू करावी आणि बाहेर गेलेली जुनी लिंक रद्द करून नवी घ्यावी. ग्रुपचे नाव आणि चित्र बदलण्याचा हक्क फक्त ॲडमिनकडे ठेवावा. ॲडमिन किमान तीन असावेत: ग्रामसेवक, एक निवडून आलेला सदस्य आणि गावातली एक जाणती व्यक्ती, शक्यतो महिला. तिघांनी आपल्या खात्याला सहा अंकी पिन लावलाच पाहिजे, कारण ओटीपी चोरीला गेला तरी चोरट्याकडे पिन नसेल तर खाते सहज हलत नाही. सूचनांचा ग्रुप वेगळा आणि बोलण्याचा वेगळा असावा. ग्रामपंचायतीकडून कधीही एपीके फाइल येणार नाही, कागद आला तर पीडीएफ किंवा फोटोच येईल, हे ग्रुपच्या माहितीत वरच्या ओळीत लिहून ठेवावे.

फाइल आलीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हेही ठरलेले हवे. जो ॲडमिन जागा आहे त्याने संदेश सगळ्यांसाठी खोडावा, ती सोय ॲडमिनला आहे, आणि तो नंबर तात्पुरता काढावा. मग त्या माणसाला व्हॉट्सॲपवर न लिहिता साधा फोन करावा: ‘भाऊ, तुमच्या नंबरावरून ग्रुपवर फाइल आली, तुम्ही पाठवली का? घाबरू नका, आधी फोनचे इंटरनेट बंद करा.’ फोन त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल तर कोणीतरी घरी जावे. गावाला हे जमते, शहराला जमत नाही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० वर कळवावे. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि तिथे लवकर नोंद झाली तर पैसा पुढच्या खात्यात गोठवता येतो. फोन स्वच्छ होऊन, व्हॉट्सॲपची ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ यादी तपासून झाली की त्या माणसाला सन्मानाने परत घ्यावे.

८. पण बोलणे बंद करू नका

‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण दाबले की सगळे शांत होते. अधिकाऱ्यांना ते आवडते. मला त्याची भीती वाटते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत काही दिवसांतच माणसांचे केस गळून टक्कल पडू लागले. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. आरोग्य विभागाची आणि आयसीएमआरची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. उत्तर मिळायला आठवडे गेले. अशा आठवड्यांत गावाला विचारायला जागा लागते: पाणी प्यावे का, मुलांना शाळेत पाठवावे का, पाहुणे यायला तयार नाहीत त्यांना काय सांगावे. एकतर्फी सूचना-ग्रुपवर हे विचारता येत नाही. तिथे विचारता आले नाही तर लोक कोणत्या तरी अनोळखी ग्रुपवर विचारतात आणि तिथे तेल विकणारे टपलेलेच असतात. बोलण्याचा ग्रुप उघडा राहावा आणि त्याला राखणदार असावा, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

९. ठराव

या कामाला मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या नावाचे एक सिम, एक साधा स्मार्टफोन आणि वर्षाचे रिचार्ज एवढाच खर्च आहे. तो फोन कार्यालयाच्या दप्तरात नोंदवलेला असावा, बदलीच्या वेळी त्याचाही चार्ज द्यावा-घ्यावा. जिल्हा परिषदेने सर्व गावांसाठी एकच नियमावली मराठीत काढावी. पोलिसांच्या सायबर विभागाने तालुक्यागणिक एक संपर्क नेमावा, जो ॲडमिनचा फोन उचलेल. बाजार समित्यांनी आणि पतसंस्थांनीही आपल्या ग्रुपांना हेच नियम लावावेत.

सुरुवात ग्रामसभेत होऊ शकते, त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ठरावाचा मजकूर असा असू शकतो: ‘ग्रामपंचायतीचा अधिकृत ग्रुप हा कार्यालयीन नंबरावरून चालवला जाईल, त्यास तीन ॲडमिन असतील व त्यांची नावे फलकावर लावली जातील, प्रवेश मंजुरीने होईल, ग्रुपवर एपीके फाइल पाठवली जाणार नाही, फसवणूक झालेल्या व्यक्तीस तक्रार नोंदवण्यासाठी ग्रामपंचायत त्याच दिवशी साहाय्य करील, आणि झालेल्या प्रकारांची नोंद पुढील ग्रामसभेत वाचून दाखवली जाईल.’ सूचक आणि अनुमोदक मिळाले की हा विषय पाच मिनिटांत मंजूर होतो.